मोकळ्यावरचं जेवण आणि जुनी वाईन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडली की गच्च्या, अंगणं आणि शेतघरं जागी होतात आणि कपाटात वर्षानुवर्षं जपलेल्या बाटल्या बाहेर निघतात. या वेळची बहुतेक पत्रं त्याच बाटल्यांबद्दल होती. आमचं एक मत आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत ते येणार आहे: बाटली जुनी असेल, तर जेवण तिला सोसेल असं बेतायचं. मेन्यू आधी ठरवून मग त्यात जुनी बाटली बसवायला गेलं, की बाटली वाया जाते.

जानेवारीत आम्ही आठ मित्र-मैत्रिणी मुळशीजवळच्या शेतावर रात्री जेवायला जमतोय. माझ्याकडे २००५ ची बोर्डो (फ्रान्सची), २०१० ची रियोहा ग्रान रेसेर्वा (स्पेनची) आणि नाशिकच्या तीन वर्षांपूर्वीच्या शिराझच्या दोन बाटल्या आहेत, सगळ्या लाल वाईन. शेगडीवर मटण आणि चिकन होईल, तिघं शाकाहारी आहेत. कशाबरोबर काय द्यावं? – पुणे

सगळ्यात जुनी बाटली सगळ्यात आधी उघडा. रूढ पद्धत उलटी आहे, म्हणजे नव्या वाईनपासून जुनीकडे जायची. बंद खोलीत शांतपणे चव घ्यायची असेल तर ती ठीक आहे. उघड्यावर मात्र शेगडी पेटलेली असते, गप्पा रंगलेल्या असतात, आणि तिखटाचे चार घास पोटात गेल्यावर रात्री दहाला समोर आलेली वीस वर्षांची बोर्डो कुणाच्याच जिभेला कळत नाही. संध्याकाळी सात वाजता, पहिल्या घासाबरोबर ती द्या.

जुन्या लाल वाईनमध्ये टॅनिनचा तुरटपणा आणि रंग एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. म्हणून ती मऊ लागते. ताज्या फळांचा वास मागे हटतो, आणि त्या जागी अळंबी, सुकी पानं, तंबाखू, चामडं, देवदाराचं लाकूड असे वास येतात. ते बारीक असतात. तिखटातल्या कॅप्सेसिनने जीभ पेटली की वाईनमधलं अल्कोहोल जळजळतं, उरलासुरला तुरटपणा दुप्पट जाणवतो आणि हे वास कुठच्या कुठे जातात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांच्यापुढे वाईन सपक लागते. गोडाने ती आंबट आणि कडवट होते. मीठ आणि चरबी मात्र तिच्या बाजूने असतात.

बोर्डोबरोबर मटण चॉप्स करा. आठ जणांच्या पहिल्या प्लेटला एक किलो पुरे. आदल्या रात्री दोन सपाट चमचे मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दीड चमचा जाडसर कुटलेली मिरी, चार पाकळ्या लसूण आणि दोन मोठे चमचे तेल लावा. दही नको, लिंबू नको. आपल्याकडचं मटण बोकडाचं, म्हणजे कमी चरबीचं. ते निबर वाटलं तर एक मोठा चमचा कच्च्या पपईचा कीस दोन तासांपुरता लावून पुसून टाका. जास्त वेळ ठेवला तर वरचा थर पिठाळ होतो. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. ज्वाळेवर चरबी ठिबकली की काजळी उठते, ती मांसावर बसते, आणि तिचा कडवटपणा जुन्या वाईनला अजिबात मानवत नाही. दीड सेंटिमीटर जाडीच्या चॉपला प्रत्येक बाजूने चार-पाच मिनिटं, मग पाच मिनिटं झाकून ठेवायचं.

शाकाहारी मंडळींसाठी त्याच बोर्डोबरोबर अळंबी. तिघांना सहाशे ग्रॅम घ्या, कारण शिजल्यावर निम्मी होतात. कढई चांगली तापवून कोरडीच परता आणि सुरुवातीला मीठ टाकू नका. सुटलेलं पाणी आटून कडा तपकिरी व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. मग दोन चमचे तूप, ठेचलेला लसूण, मिरी, मीठ. हा पदार्थ खरं तर मटणापेक्षाही या वाईनला जवळचा आहे, तेव्हा मांसाहारी लोकही त्यावर हात मारणार असं धरून थोडी जास्तच करा.

रियोहाची गंमत आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ग्रान रेसेर्वा किमान पाच वर्षं वायनरीत मुरवून मगच विकता येते, त्यातली किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. पारंपरिक घराण्यांच्या रियोहाला अमेरिकन ओक वापरतात, आणि त्या लाकडातून व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो. म्हणून भाजलेलं सुकं खोबरं आणि दगडफूल असलेला गोडा मसाला तिला धरून राहतो. मटणाचं सुकं करा, रंगासाठी ब्याडगी मिरची आणि बाकी तिखट मिरीचं. शाकाहारींना भरली वांगी: बारा लहान वांग्यांना चार मोठे चमचे दाण्याचं कूट, तीन चमचे भाजलेलं खोबरं, एक चमचा तीळ, दोन लहान चमचे गोडा मसाला, लाल तिखट जेमतेम अर्धा चमचा, गूळ सुपारीएवढा. चिंच वगळा. वांगी चिंचेशिवाय सपक लागतील अशी शंका येईल, पण ती उणीव वाईन भरून काढते.

शिराझ शेवटी, तिखट चिकनबरोबर. शिराझमध्ये मुळातच मिरीसारखा वास असतो, फळ ताजं असतं, तिला धक्के सोसतात. ठेचा, लोणचं, कच्चा कांदा, लिंबाच्या फोडी या सगळ्यांना तेव्हाच टेबलावर येऊ द्या, आधी नाही. जेवणाच्या मांडणीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण पानाच्या डाव्या बाजूला लिंबू-चटणी वाढायची आपल्याला सवय असते आणि वाढणारा ती न विचारता वाढतो.

हिशेब: चार बाटल्या म्हणजे तीन लिटर, माणशी ३७५ मिली. बोर्डोचा गाळ सोडून सातशे मिली हाती येतात, म्हणजे प्रत्येकाला ८५ मिली. तेवढी पुरे. पण ती पाण्याचा ग्लास शेजारी ठेवून, पहिल्या प्लेटबरोबर सावकाश घेतली पाहिजे. आणि परतीच्या रस्त्यावर गाडी चालवणारा कोण, हे बाटली उघडण्याआधी ठरवा. त्याने प्यायची नाही.

एक गोष्ट थंडीची. जानेवारीत मुळशीकडे रात्री पारा बारा-तेरापर्यंत येतो. उघड्यावर ठेवलेली लाल वाईन तासाभरात इतकी गार होते की तुरटपणा टोचायला लागतो. अशा वेळी ग्लासचा गोल भाग तळव्यात धरून दोन मिनिटं थांबलं की पुरतं.

जुन्या बाटलीत गाळ असतो. घाटातून गाडीने शेतावर नेली तर तो ढवळणारच. मग काय करायचं? – चिंचवड

ढवळलेला गाळ पुन्हा बसायला एक-दोन दिवस लागतात, आणि गाळ मिसळलेली वाईन गढूळ, कडवट, खरखरीत लागते. दोन मार्ग आहेत. पहिला आणि चांगला: बाटली तीन दिवस आधी तिथे पोचवून, उभी करून, अंधाऱ्या थंड खोलीत ठेवणं.

ते जमत नसेल तर घरीच गाळून न्या. बाटली दोन दिवस उभी ठेवा. निघण्यापूर्वी फार वेळ हातात न ठेवता, म्हणजे पिण्याच्या तीन तास आधी, बूच काढा, बाटलीचं तोंड आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. मोबाइलचा टॉर्च टेबलावर वर तोंड करून ठेवा, आणि बाटलीची मान त्याच्यावर येईल अशी धरून एकाच सलग धारेत वाईन काचेच्या जगमध्ये ओता. मध्ये बाटली सरळ केली की आतली वाईन मागे हिंदकळते आणि गाळ उठतो. बाटलीच्या खांद्यापाशी धुरासारखी काळसर रेघ दिसली की थांबा. तीस ते पन्नास मिली मागे राहतील, त्यांचा मोह सोडा. मग बाटली पिण्याच्या पाण्याने दोनदा विसळून उलटी निथळा आणि नरसाळ्याने वाईन परत भरा. स्वच्छ स्टॉपर लावून, ओला टॉवेल गुंडाळून, आइसबॉक्समध्ये उभी न्या. बर्फाचे पॅक बाटलीला थेट चिकटू देऊ नका.

वीस वर्षांच्या दमदार बोर्डोला हे चालतं. तीस-चाळीस वर्षांच्या नाजूक बाटलीला चालत नाही. दोनदा ओतताना मिळालेल्या हवेने ती वाटेतच दमते. अशी बाटली घरीच प्या.

जग किंवा डिकँटर (वाईन गाळ सोडून ओतून ठेवायचं काचेचं भांडं) साबणाने धुऊ नका. नुसतं गरम पाणी. साबणाचा लिंबाचा वास काचेला तासन्‌तास राहतो. ग्लासही वर्षभर बंद कपाटात असतील तर आदल्या दिवशी बाहेर काढून विसळा, नाहीतर डांबराच्या गोळ्यांचा किंवा लाकडाचा वास पहिल्या घोटात येतो आणि दोष वाईनला दिला जातो.

लाल वाईन रूम टेंपरेचरला द्यावी म्हणतात. नागपूरला एप्रिलमध्ये अंगणात जेवण ठेवलं तर? – नागपूर

तो सल्ला युरोपातल्या, हीटर नसलेल्या जुन्या घरांचा. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. जुन्या लाल वाईनला तेच तापमान हवं. तुमच्याकडे एप्रिलमध्ये रात्री आठलाही तीस-पस्तीस अंश असतात. पंचविसाच्या वर गेलं की अल्कोहोलचा भपकारा तेवढा नाकात शिरतो आणि वाईन उकडलेल्या जॅमसारखी लागते.

अठ्ठावीस अंशांची बाटली सतरावर आणायला फ्रीजमध्ये सव्वा ते दीड तास लागतो. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं भरलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ भरला तर वेळ वाढतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. पाणी काचेला सगळीकडून टेकतं. गाळ असलेली जुनी बाटली बादलीत उभीच ठेवायची, गोल फिरवायची नाही. फ्रीझर नको, तिथे बाटली विसरली जाते. लक्ष्य चौदा-पंधराचं ठेवा, कारण ग्लासमध्ये ओतल्यावर अशा हवेत ती पाव तासात चार-पाच अंश चढते. म्हणून एका वेळी साठ-सत्तर मिलीच ओता आणि बाटली परत गारव्यात ठेवा. स्वयंपाकघरात वापरतात तो पातळ सळईचा थर्मामीटर अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा.

तरीही आमचा सल्ला विचाराल, तर एप्रिलमध्ये जुनी बाटली आत पंख्याखाली उघडा, प्या, आणि मग नव्या गार वाईनसह अंगणात जा.

जुनं बूच उघडताना तुटलं आणि अर्धं आत पडलं. वाईन फेकावी लागली. पुढच्या वेळी काय करू? – सोलापूर

फेकायची गरज नव्हती. बुचाचे तुकडे वाईन बिघडवत नाहीत, फक्त दातात येतात.

पंधरा-वीस वर्षांनी बूच ओलं, भुसभुशीत आणि काचेला चिकटलेलं असतं. साधा स्क्रू मधोमध घुसून त्याचा भुगा करतो. अशा बुचाला दोन पात्यांचं ओपनर घ्या. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत घाला, मग आखूड पातं समोरच्या बाजूने. मूठ डावी-उजवी झुलवत पाती हळूहळू खाली सरकवा. पुढे दाबायचं नाही, झुलवायचंच. मूठ बाटलीच्या तोंडाला टेकली की गोल पिळत वर ओढा. पिळताना बूच काचेपासून सुटल्याचा बारीक चरचर आवाज येतो. तो आला नाही तर ओढू नका, अजून पिळा. मात्र बूच आधीच सैल असेल, बोटाने दाबल्यावर हलत असेल, तर ही पाती त्याला आत ढकलतात. तिथे लांब, बारीक स्क्रूच बरा, तोही बुचाच्या खालच्या टोकापर्यंत घातलेला.

अर्धं तुटून राहिलं तर स्क्रू तिरका घालून बुचाला काचेकडे दाबत काढा. पडलंच आत, तर चहाच्या बारीक स्टीलच्या गाळणीतून ओता. गाळणीत धुतलेल्या मलमलचा तुकडा घातला तर भुगाही अडकतो; मलमल उकळत्या पाण्यातून काढलेली हवी, साबणाची नको. कॉफीचा कागदी फिल्टर कोरडा वापरला तर कागदाची चव उतरते, आधी गरम पाण्याने भिजवून घ्या.

उघडल्यावर बाटलीला कुबट वास येत होता. जुन्या वाईनचा असाच असतो, की ती खराब होती? – मुंबई

पंधरा मिनिटं थांबलात तर वाईन स्वतःच सांगते. वर्षानुवर्षं कोंडलेला वास ग्लासमध्ये हवा लागली की उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या भिजलेल्या कापडाचा वास मात्र वेळ जाईल तसा वाढतो, आणि त्याखाली फळाचा मागमूसही राहत नाही. तो बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा. त्यावर उपाय नाही. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका येत असेल तर हवा आणि जिवाणू आत शिरले आहेत. पिकल्या सफरचंदाचा, अक्रोडाचा वास आणि चहासारखा तपकिरी रंग म्हणजे ऑक्सिडेशन. उन्हाळ्यात तापलेली बाटली तर उघडण्याआधीच ओळखता येते: बूच तोंडाच्या वर आलेलं, तोंडावरच्या आवरणाखाली चिकट ओघळ.

बुचाच्या आतल्या टोकाला किंवा तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक, निरुपद्रवी.

जुनी बाटली उघडताना नेहमी एक राखीव बाटली हाताशी ठेवा. कितीही जपलं तरी काही बाटल्या मेलेल्याच निघतात.

आम्ही किनाऱ्यावर राहतो, जेवण माशांचंच असतं. जुनी वाईन आमच्या वाट्याला नाहीच का? – रत्नागिरी

आहे, आणि पुण्या-मुंबईच्या मटणवाल्यांपेक्षा चांगली. फक्त लाल नको. लाल वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळलं की तोंडात धातूची, शिळ्या माशाची चव येते. बांगडा, तारली यांच्याबरोबर तर हमखास.

तुम्ही जुन्या रीसलिंगकडे, म्हणजे रीसलिंग द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनकडे वळा. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची, काबिनेट किंवा श्पेटलेझे असं लेबलवर लिहिलेली, दहा-बारा वर्षांची. या द्राक्षाचा आंबटपणा वयाबरोबर जात नाही. मध आणि भाजल्या लिंबाचे वास येतात, आणि त्यांत पेट्रोलसारखा एक वास मिसळतो. तो दोष नाही, वयात आलेल्या रीसलिंगची ती ओळख आहे. काबिनेटमध्ये अल्कोहोल आठ-नऊ टक्केच असतं आणि थोडी साखर उरलेली असते, त्यामुळे माफक तिखट तिला जाळत नाही. मराठी मसाल्याच्या जेवणाला एकच जुनी बाटली निवडायची असेल तर आम्ही हीच निवडू.

सुरमईचे दोन सेंटिमीटर जाडीचे तुकडे घ्या. मीठ, हळद, लसूण, अर्धा चमचा तिखट आणि बोटभर आगळ (कोकमाचा रस) लावून वीस मिनिटं ठेवा. कोकमाचा आंबटपणा वाईनच्या आंबटपणाच्या खाली राहिला पाहिजे, एवढंच भान ठेवायचं. जाळीला तेल लावून निखाऱ्यावर प्रत्येक बाजूने चार मिनिटं. कुर्ल्या नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून लोण्याबरोबर दिल्या तर आणखी छान. सोलकढी जेवण संपल्यावर. वाईन दहा-अकरा अंशांना द्या. फ्रीजमधून थेट काढली तर पाच-सहा अंशांना तिचा वास मिटलेला असतो.

कोल्हापूरच्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं: पांढरा रस्सा आणि थोडी जुनी रीसलिंग हे जोडपं तांबड्या रश्शापेक्षा कितीतरी सुखाने नांदतं.

आजोबांच्या वेळच्या पोर्टच्या (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) दोन बाटल्या घरात आहेत. एकीवर १९८५ आणि 'व्हिंटेज', दुसरीवर '२० वर्षं, टॉनी'. नाताळच्या जेवणात बेबिंकाबरोबर द्यायच्या आहेत. – मडगाव

बेबिंकाबरोबर टॉनी. ती पिंपात मुरते, म्हणून तिच्यात कॅरॅमल, बदाम, सुकं अंजीर उतरतं, आणि थरावर थर भाजलेल्या बेबिंकाशी हेच जुळतं. पण टॉनी बाटलीत सुधारत नाही. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं वर्ष असतं. त्याला फार वर्षं झाली असतील तर आधी घरच्यांनी चाखून बघावी. बारा-चौदा अंशांना, साठ मिलीचा एक ग्लास. उरली तर फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे टिकते. दोदोल या गोव्याच्या मिठाईबरोबरही तीच.

व्हिंटेज पोर्टचं सगळं उलटं. ती दोनेक वर्षं पिंपात राहून बाटलीत जाते आणि पुढची दशकं तिथेच मुरते, म्हणून गाळाचा जाड थर धरते. १९८५ हे पोर्टचं चांगलं वर्ष. पण गोव्याच्या उकाड्यात बाटली कशी राहिली हे आधी पाहा: पातळी मानेच्या खाली, खांद्याच्याही खाली गेली असेल, बूच पाझरलं असेल, तर फार आशा ठेवू नका. ठीक असेल तर तीन दिवस उभी ठेवून, जेवणाच्या दोन तास आधी गाळून घ्या. बेबिंका तिला जड होते. तिच्यासोबत अक्रोड, खारं निळं चीज किंवा सत्तर टक्क्यांचं डार्क चॉकलेट द्या, आणि दोन दिवसांत संपवा.

गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी स्थानिक गोड वाईन वेगळी. ती जपून ठेवण्यासाठी नसते, घेतली की संपवावी.

उकाड्याला न घाबरणारी एकच जुनी वाईन आहे, मदेरा या पोर्तुगीज बेटाची. ती करतानाच तापवतात. पिंपं जहाजांवरून उष्ण समुद्रांतून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आली की वाईन जास्त चांगली लागते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि पुढे तो उष्मा बेटावरच द्यायची पद्धत पडली. उघडलेली बाटलीसुद्धा महिनोन्‌महिने राहते. गोव्याच्या हवेत जपायला हीच घ्या.

नाशिकची वाईन जुनी करता येते का? मुलीच्या जन्मवर्षाच्या सहा बाटल्या ठेवायच्या आहेत. – नाशिक

निवडक लाल वाईन, होय. पण मुलगी मोठी होईपर्यंत नाही.

आपल्याकडे वेलींची छाटणी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होते आणि वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. उष्ण हवेत साखर लवकर चढते आणि आम्ल उतरतं, आणि दीर्घ आयुष्याला आम्ल लागतं. म्हणून शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशी पांढरी वाईन एक-दोन वर्षांत प्यावी. पिंपात मुरवलेल्या रिझर्व्ह दर्जाच्या लाल वाईन नीट ठेवल्या तर पाच ते आठ वर्षं चांगल्या राहतात: सुलाची रासा शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेझे आणि कॅबर्ने यांची सेत्ते, किंवा राज्याबाहेर नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रेझर्व्ह.

'नीट' म्हणजे बारा ते चौदा अंश, बारा महिने, अंधारात, बूच असेल तर आडवी. जिन्याखाली किंवा माळ्यावर मे महिन्यात अडतीस अंश होतात; तिथे दोन उन्हाळ्यांत वाईन म्हातारी होते, आणि ते मुरणं नव्हे, उकडणं असतं. साध्या फ्रीजमध्ये महिने-दोन महिने चालेल, पुढे कोरड्या हवेने बूच आक्रसतं. बारा बाटल्यांचा वाईन कूलर घ्या. बाटल्या दुकानाच्या फळीवरून न घेता शक्यतो वायनरीतून घ्या, आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एक उघडा. एखाद्या वर्षी फळ उतरल्यासारखं वाटलं तर उरलेल्या त्याच हिवाळ्यात संपवा. मुलगी मोठी झाल्यावर उघडायला तिच्या जन्मसालची एक व्हिंटेज पोर्ट वेगळी ठेवा.

बॅकयार्डमध्ये २००८ ची बारोलो (इटलीची लाल वाईन) उघडणार आहोत. मित्र सगळे मराठी, निम्मे शाकाहारी. डिकँट करू का? – न्यू जर्सी

करा, आणि दीड तास राहू द्या. बारोलो नेब्योलो द्राक्षाची असते. रंग फिका दिसला तरी तुरटपणा आणि आम्ल भरपूर, त्यामुळे या वयाला तिला हवा मानवते. मात्र दर अर्ध्या तासाने घोटभर चाखा आणि फुललेली वाटली की लगेच वाढा.

तिच्यासोबत मुगाची मऊ खिचडी, हिंग-जिऱ्याची फोडणी, मिरची नाही, वर भरपूर तूप आणि लोण्यात परतलेली पोर्चिनी किंवा क्रेमिनी अळंबी. पापड चालेल, लोणचं नको.

डासांसाठी सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या लावणार असाल तर टेबलापासून पंधरा-वीस फुटांवर, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. त्यांचा वास आणि बारोलोचा वास एका टेबलावर राहू शकत नाही. उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा आणि अत्तर यांचंही तेच. टेबलावर छोटा पंखा लावला तर डास जातात, पण ग्लासमधला वासही जातो. तो पायांकडे, टेबलाखाली लावा. मोठ्या ग्लासमध्ये तिसरा हिस्साच ओता.

उरलेली जुनी वाईन दुसऱ्या दिवशी पिता येते का? – सातारा

वीस वर्षांपुढची लाल वाईन नाही, सकाळपर्यंत ती विझलेली असते. दहा-बारा वर्षांची असेल तर अर्ध्या मापाच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर एक दिवस निघतो. गाळाचे तळाचे थेंब मलमलमधून गाळून मटणाच्या रश्शात, कांदा परतून झाल्यावर घाला आणि वास उडेपर्यंत तीन-चार मिनिटं उकळू द्या.